मेजर अजून भाड्यानेच राहतात: माजी सैनिकाच्या घरासाठी कायदा काय देतो?

शेलूहून बोलतोय. वांगणी सोडली की ज्यांचं नेटवर्क जातं आणि एपिसोड अर्धाच राहतो, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढलाय. बोलण्यातले "म्हणजे" आणि "बघा ना" थोडे कापलेत, पण सगळे नाही.

आजचा विषय आमच्या गेटवरून आलाय. आमच्या कॉम्प्लेक्सला रात्रपाळीला एक सिक्युरिटी गार्ड आहेत. सगळे त्यांना मेजर म्हणतात. प्रत्यक्षात ते हवालदार म्हणून रिटायर झाले, पण गावाकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, हे तुम्हाला माहितीच आहे. वय त्रेचाळीस. मी शेवटची कर्जत लोकल पकडून आलो की पाच मिनिटं तरी त्यांच्याशी बोलणं होतं.

मागच्या महिन्यात एका रात्री ते फोनवर टेम्पोवाल्याशी भाव करत होते. मी विचारलं, "काय मेजर, गावाला सामान पाठवताय?"

"नाही हो दादा, घर बदलतोय. अकरा महिने संपले. मालकाला आता दोन हजार जास्त पाहिजेत."

चार वर्षांत हे त्यांचं तिसरं घर. मी म्हटलं, तुम्ही तर एक्स-सर्व्हिसमन, तुम्हाला सरकारकडून घराचं काही मिळत नाही का? त्यावर ते हसले. म्हणाले, "गरीब म्हणून घरकुल मिळत नाही, आणि श्रीमंत म्हणून फ्लॅट घेता येत नाही. वीस वर्षं बदल्या झाल्या ना, तसंच अजून चालू आहे. पोस्टिंग संपलीच नाही."

ते वाक्य डोक्यात राहिलं. मग दोन-तीन शनिवार-रविवार बसून मी कागद चाळले. कायदा, नियम, शासन निर्णय, सगळं. आज ते सोप्या भाषेत मांडतो. घरात कुणी फौजेत असेल, फौजेतून आलं असेल किंवा अग्निवीर असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

आधी एक गोष्ट क्लिअर करू: कायदा वेगळा, जीआर वेगळा

आपण सगळ्याला "सरकारने कायदा केला" असं म्हणून टाकतो. पण याच्यात तीन थर असतात.

सगळ्यात वर कायदा. तो संसदेत किंवा विधिमंडळात पास होतो. बदलायचा तर परत तिथेच जावं लागतं. त्याच्या खाली नियम आणि विनियम. ते कायद्याने दिलेल्या अधिकारात बनतात आणि त्यांना कायद्याचं बळ असतं. आणि तिसरा थर म्हणजे शासन निर्णय, आपला जीआर. तो मंत्रालयातला विभाग काढतो. उद्या दुसरा जीआर काढून पहिला बदलता येतो.

माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर जीआर ही कॉन्फिग फाइल आहे. पटकन बदलता येते, हा तिचा फायदा. आणि पटकन बदलता येते, हाच तिचा तोटा.

आता मुद्दा असा की माजी सैनिकांच्या घरासाठी एकत्र असा कायदा आपल्याकडे नाही. ना देशात, ना राज्यात. जे आहे ते वेगवेगळ्या ठिकाणी तुकड्या-तुकड्यांत आहे. ते तुकडे एकेक करून बघू.

तुकडा पहिला: म्हाडाचा कोटा

सगळ्यात कामाचा तुकडा हाच. १९७६ च्या म्हाडा कायद्याखाली १९८१ मध्ये मिळकत व्यवस्थापनाचे विनियम झाले. म्हाडाच्या घरांत कुणाला किती आरक्षण हे त्यातून ठरतं. लॉटरीच्या जाहिरातीत तुम्ही एससी, एसटी, पत्रकार, कलाकार असे रकाने पाहिले असतील. त्यात दोन रकाने फौजेशी संबंधित आहेत.

एक, लढाईत मृत, जखमी किंवा बेपत्ता झालेल्या संरक्षण दलातल्या आणि सीमा सुरक्षा दलातल्या जवानांच्या कुटुंबांसाठी २ टक्के. दुसरा, माजी सैनिक आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांसाठी ५ टक्के.

म्हणजे मेजर या ५ टक्क्यांत बसतात. आता उत्पन्न बघू. मुंबई महानगर प्रदेशात कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ६ लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प गट, ९ लाखांपर्यंत अल्प गट, १२ लाखांपर्यंत मध्यम. समजा मेजरांची पेन्शन पंचवीस हजार आणि गार्डचा पगार पंधरा. महिन्याला चाळीस, वर्षाला ४ लाख ८० हजार. म्हणजे अत्यल्प गट.

हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हाडा म्हणजे मुंबईवाल्यांचं ना?" तर नाही. रायगड, ठाणे, पालघर हे कोकण मंडळात येतात आणि कोकण मंडळाची स्वतःची लॉटरी असते. चार वर्षं शेलूत राहून त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाही त्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं.

पण याच्यात गणिताची एक अडचण आहे. १०० घरांची योजना असेल तर ५ टक्के म्हणजे ५ घरं. योजनेत दहाच घरं असतील तर ५ टक्के म्हणजे अर्धं घर! कोटा टक्क्यांत आहे, गरज माणसांत आहे. पुढच्या वर्षी किती घरं निघणार, कुठे निघणार, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. लॉटरी म्हणजे शेवटी लॉटरीच. तिच्या भरवशावर अकरा महिन्यांचा करार पुढे ढकलता येत नाही.

तुकडा दुसरा: घरकुल

मेजर म्हणाले ना, गरीब म्हणून घरकुल मिळत नाही. ते का?

पूर्वीच्या इंदिरा आवास योजनेत १९९५-९६ पासून एक तरतूद होती. युद्धात गेलेल्या जवानांच्या पत्नीला किंवा जवळच्या वारसाला उत्पन्नाची अट न लावता लाभ, आणि माजी सैनिकांनाही बाकीच्या अटी पूर्ण होत असतील तर लाभ. २०१६ मध्ये इंदिरा आवासच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण आली. तिच्यात सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार मिळतात. कर्तव्यावर मृत्यू आलेल्या जवानांच्या कुटुंबाला प्राधान्यक्रमात वरची जागा आहे. पण जिवंत परत आलेल्या माजी सैनिकाला बाकीच्यांच्याच चाळणीतून जावं लागतं.

त्या चाळणीत एक अट आहे. घरातल्या एखाद्या सदस्याची महिन्याची कमाई ठराविक रकमेच्या वर असेल तर कुटुंब बाद. आधी ही रक्कम १०,००० होती, २०२४ मध्ये १५,००० झाली. हवालदाराची पेन्शन त्याच्या वर जाते. विषय संपला.

आणि अट नसती तरी दुसरा प्रश्न उभा राहतोच: जागा कुठाय? घरकुल आपल्या जागेवर बांधायचं असतं. बेघर भूमिहीनांना जागा घ्यायला राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना आहे. ५० हजारांपासून सुरू झाली, पुढे १ लाखापर्यंत नेली. पण लाखभरात शेलू-नेरळ पट्ट्यात किती जागा येते, हे इथे राहणाऱ्यांना मी सांगायला नको.

तुकडा तिसरा: जमीन

राज्याच्या १९७१ च्या शासकीय जमिनी वाटपाच्या नियमांत माजी सैनिकांना जागा आहे. आजोबा-पणजोबांच्या काळात बऱ्याच फौजींना अशा जमिनी मिळाल्या. तुमच्या घरी अशी जमीन असेल तर सातबारा उघडून बघा, बहुतेक वेळा "भोगवटादार वर्ग २" असं लिहिलेलं असतं. म्हणजे ती परवानगीशिवाय विकता किंवा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. हे न बघता व्यवहार करणारे पुढे कोर्टात अडकतात. घेणाऱ्यानेही बघायचं आणि विकणाऱ्यानेही.

२०१८ मध्ये राज्याने शहिदांच्या वीरपत्नीला किंवा वारसाला २ हेक्टर शेतजमीन देण्याचा निर्णय घेतला. चांगला निर्णय आहे. पण इथेही तेच, मेजरांसारखा माणूस त्यात येत नाही.

तुकडा चौथा: एक खराखुरा कायदा

आता गंमत ऐका. सैनिकाच्या घरासाठी खराखुरा, विधिमंडळात पास झालेला कायदा शोधत होतो, तो सापडला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमात. १९९९ चा कायदा, कलम २३.

काय म्हणतं हे कलम? सैन्यात असलेला किंवा सैन्यातून आलेला माणूस, किंवा त्याच्या पश्चात त्याचे वारस, यांचं स्वतःचं घर भाड्याने दिलेलं असेल आणि आता त्यांना तिथे राहायचं असेल, तर भाडेकरूकडून ताबा मिळवण्यासाठी वेगळी, लवकरची वाट आहे. साध्या दिवाणी दाव्यात वर्षानुवर्षं बसायचं नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. त्याला कमांडिंग ऑफिसर किंवा सेवेच्या प्रमुखाचं प्रमाणपत्र जोडायचं की हा माणूस सैन्यात आहे किंवा होता, आणि त्या भागात त्याला राहायला दुसरी योग्य जागा नाही. ही तरतूद जुन्या १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यातही होती. कारण उघड आहे. माणूस सीमेवर असताना घर भाड्याने दिलं, परत आला तर स्वतःच्याच घरात जाता येईना, असं होत होतं.

कायदा चांगलाच आहे. पण तो कुणाच्या कामाचा? ज्याच्याकडे घर आहे त्याच्या.

आता मागे वळून बाकीच्या सवलती बघा. २०२० मध्ये राज्याने बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने माजी सैनिक सन्मान योजना आणली. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नींना एका राहत्या घराचा मालमत्ता कर माफ, ग्रामपंचायतीतही आणि शहरातही. कुणाला? ज्याच्या नावावर घर आहे त्याला. केंद्रीय सैनिक बोर्ड युद्धात मृत किंवा अपंग झालेल्यांच्या कुटुंबांना घराच्या कर्जाच्या व्याजातला अर्धा भाग देतं, कमाल १ लाखापर्यंत. कुणाला? ज्याला बँकेने कर्ज दिलंय त्याला.

हा पॅटर्न मला सगळ्यात जास्त खटकला. घर असेल तर मदत आहे. घर नसेल तर ५ टक्क्यांची लॉटरी. आणि भाड्याने राहणाऱ्यासाठी या सगळ्या तुकड्यांमध्ये मला एक ओळसुद्धा सापडली नाही.

फौजीकडे पैसे नसतात का?

हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आत्ताच बोलू.

जवान साधारण पस्तीस ते चाळीसच्या आसपास घरी येतो. हातात ग्रॅच्युइटी, फंड, पेन्शनचा काही भाग आगाऊ घेतला असेल तर ती रक्कम, असे एकदम पैसे येतात. सरकारी क्वार्टर काही महिन्यांत सोडावं लागतं. मुलं आठवी-नववीला असतात. गावचं घर भावांच्यात वाटलेलं असतं, आणि तिथे नोकरी नसते. म्हणजे आयुष्यातला सगळ्यात मोठा व्यवहार हा माणूस सगळ्यात घाईत करतो, तेही अशा गावात जिथे त्याला कुणी ओळखत नाही.

मेजरांनी तेच केलं. रिटायरमेंटच्या पैशातला मोठा हिस्सा एका बिल्डरकडे बुकिंगला दिला. नाव घेत नाही, प्रकरण चालू आहे. दोन वर्षांत ताबा म्हणाले होते, अजून तिसऱ्या मजल्याच्या वर काम गेलेलं नाही. त्यामुळे इकडे भाडं, तिकडे अडकलेले पैसे.

इथे एक कायदा आहे आणि तो सगळ्यांसाठी आहे: रेरा, २०१६. कलम १८ प्रमाणे बिल्डरने ठरलेल्या तारखेला ताबा दिला नाही तर तुम्ही बाहेर पडून व्याजासह पैसे मागू शकता, किंवा थांबणार असाल तर उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज मागू शकता. आदेश होऊनही बिल्डरने दिले नाहीत तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करता येते. मेजरांना हे माहीत होतं का? नव्हतं. त्यांना वाटत होतं वकील लावायचा, म्हणजे अजून पैसे.

संरक्षण दलांच्या स्वतःच्या संस्थाही आहेत. आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशन १९७८ पासून ना नफा ना तोटा तत्त्वावर घरं बांधते. हवाई दल आणि नौदलासाठी वेगळं मंडळ आहे, पवई आणि खारघरचं जलवायू विहार हे त्यांचंच काम. पण तिथेही घर विकत घ्यायचं असतं, आणि ते तुमच्या गावाजवळ असेलच असं नाही.

सैनिकाच्या नावाने काय झालं, हेही आठवू

या विषयावर बोलायचं आणि "आदर्श" टाळायचं, हे बरोबर नाही.

कुलाब्यातली ३१ मजली आदर्श सोसायटी. कारगिलच्या वीरांसाठी आणि वीरपत्नींसाठी घरं, असं तिच्या नावाने बोललं गेलं. २०१० मध्ये प्रकरण बाहेर आलं. तत्कालीन मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. न्यायमूर्ती जे. ए. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. आयोगाने सांगितलं की जमीन राज्य सरकारची होती आणि ती कारगिलच्या वीरांसाठी राखीव नव्हतीच. २५ सदस्य अपात्र निघाले. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इमारत पाडण्याचा आदेश दिला, नंतर सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

यातून मी काय घेतलं? योजना कुणासाठी आहे, हे कागदावर नेमकं लिहिलेलं नसेल तर सैनिकाचं नाव पुढे करून कुणीही आत शिरतो. नियम स्पष्ट, यादी उघड, आणि तपासणारा माणूस बाहेरचा, एवढं तरी पाहिजे.

गिरणी कामगार आणि शेलू

शेलूचं नाव गेल्या दोन वर्षांत पेपरात आलं ते घरांमुळेच. गिरणी कामगारांना मुंबईऐवजी शेलू आणि वांगणीला घरं द्यायचा सरकारचा प्रस्ताव आला. कामगारांनी विरोध केला. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर मोठं आंदोलन झालं. आमची गिरणी मुंबईत होती, घरही मुंबईतच द्या, असं त्यांचं म्हणणं.

मी शेलूचा, त्यामुळे पहिल्यांदा थोडं लागलं. आमच्या गावात राहायला एवढं काय वाईट आहे? पण नंतर समजलं, भांडण गावाशी नव्हतं. विकास नियंत्रण नियमावलीच्या कलम ५८ मध्ये लिहिलंय की गिरण्यांच्या जमिनी विकसित होताना कामगारांना घरं मिळतील. ते लिहिलेलं आहे म्हणून १९८२ च्या संपातला माणूस आज, चाळीस वर्षांनंतरही, हातात कागद धरून सांगू शकतो की हा माझा हक्क आहे. पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज आहेत. घरं पुरेशी मिळाली नाहीत हे खरं, पण मागणी कशाच्या जोरावर करायची हे त्यांना माहीत आहे.

मेजरांकडे असं बोट ठेवायला कलम नाही. लिहिलेला नियम असण्याचा आणि नसण्याचा फरक हा एवढा आहे.

बाहेर काय करतात?

अमेरिकेचं उदाहरण द्यायला मला फार आवडत नाही, पण इथे कामाचं आहे.

तिथे १९४४ पासून माजी सैनिकांना घरकर्जाला सरकारी हमी आहे. तरीही हजारो माजी सैनिक रस्त्यावर आले. व्हिएतनामनंतर तर हा मोठा प्रश्न झाला. मग त्यांनी एक योजना काढली, २००८ पासून ती मोठ्या प्रमाणावर चालते. तिच्यात दोन विभाग एकत्र काम करतात. गृहनिर्माण विभाग भाड्याचं व्हाउचर देतो: माणसाने आपल्या उत्पन्नाचा साधारण ३० टक्के भाग भाड्याला द्यायचा, वरचं सरकार भरतं. आणि माजी सैनिक विभाग एक कार्यकर्ता देतो. तो औषधं, दारू, नोकरी, कागदपत्रं, सगळ्यांत मदत करतो. नुसतं घर दिलं आणि सोडून दिलं, असं नाही.

दुसरं म्हणजे ते मोजतात. दरवर्षी जानेवारीतल्या एका रात्री बेघर माणसांची मोजणी होते आणि माजी सैनिक वेगळे मोजले जातात. जानेवारी २०२४ चा आकडा ३२,८८२. २०१० च्या तुलनेत हा निम्म्याहून कमी आहे. मोजलं म्हणून कमी झालं का वाढलं हे कळतं.

आणि तिसरं, माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखं. सेवेत आलेल्या अपंगत्वासाठी मिळणारा भत्ता उत्पन्नात धरला जात होता, त्यामुळे सगळ्यात जास्त जखमी झालेला माणूसच "उत्पन्न जास्त" म्हणून बाद होत होता. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी नियम बदलला: पात्रता ठरवताना हा भत्ता धरायचा नाही. एक अट काढली, आणि अडलेल्या माणसांसाठी दार उघडलं. आपल्या १५,००० च्या चाळणीकडे बघताना मला हेच आठवतं.

आपल्याकडे? २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७० हजारांच्या वर माणसं बेघर नोंदली गेली. त्यात माजी सैनिक किती, असा रकानाच नव्हता. आणि मेजर तर त्या आकड्यातही येत नाहीत, कारण डोक्यावर पत्रा आहे. अकरा महिन्यांचा का होईना.

घर आणि काळजी एकत्र, हे आपल्याकडे कुणी केलंच नाही असंही नाही. पुण्यात खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. मणक्याला इजा होऊन व्हीलचेअरवर आलेले जवान तिथे राहतात, उपचार घेतात, काम शिकतात, खेळतात. म्हणजे आपल्याला जमतं. फक्त ते एका जागेपुरतं आहे.

आता अग्निवीर

हा भाग आपल्या वयाच्या मुलांसाठी.

अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये आली. चार वर्षं सेवा, त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंत मुलं कायम, बाकीची घरी. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला ट्रेनिंगला गेल्या. म्हणजे २०२६ ची अखेर आणि २०२७ ची सुरुवात या काळात त्यांची चार वर्षं भरतात. माझा मावसभाऊ त्यातलाच.

घरी येताना सेवानिधी मिळतो, साधारण ११ लाख ७१ हजार. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. आणि आजच्या विषयासाठी महत्त्वाचं: योजनेच्या अटींप्रमाणे माजी सैनिकाचा दर्जा नाही.

म्हणजे वर सांगितलेले सगळे तुकडे, म्हाडाचा ५ टक्के कोटा, मालमत्ता कर माफी, जे काही "माजी सैनिक" या शब्दाला बांधलेलं आहे, ते त्याच्यासाठी बंद. व्याख्येचा खेळ फौजेत जुनाच आहे. माजी सैनिक कोण, हे माणसाने सेवा कधी सोडली त्या तारखेप्रमाणे बदलतं. १ जुलै १९८७ नंतर सेवा सोडलेल्यांसाठी ते मुख्यतः पेन्शनशी जोडलेलं आहे. पण आता एकदम मोठ्या संख्येने मुलं या व्याख्येच्या बाहेर राहणार आहेत. मावशीला अजून वाटतं की पोरगा आला की "फौजी कोट्यातून" काहीतरी होईल. तिला समजावताना माझं तोंड दुखलं.

म्हणून मला वाटतं की उद्या कुणी राज्यात कायदा करायचं म्हटलं, तर त्यात पाच गोष्टी हव्यात. एक, व्याख्या: अग्निवीर धरून. दोन, मोजणी: किती माजी सैनिक भाड्याने राहतात, किती बेघर आहेत. तीन, पहिल्या काही वर्षांसाठी भाड्याला मदत, कारण गरज तेव्हाच सगळ्यात जास्त असते. चार, अपंगत्वाची पेन्शन उत्पन्नात न धरणं. पाच, लाभार्थींची यादी उघड, म्हणजे दुसरं आदर्श होणार नाही. खर्च लागेल, मान्य. बाकीचे गरीबही रांगेत आहेत, तेही मान्य. फौजीला त्यांच्या पुढे उभं करा, असं मी म्हणत नाहीये. पेन्शनचा कागद दाखवून त्याला रांगेतून बाहेर काढू नका, एवढंच म्हणतोय.

तोपर्यंत काय करायचं?

कायदा होईल तेव्हा होईल. आज करता येण्यासारखं हे:

- जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवा. रायगडचं कार्यालय अलिबागला आहे. डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार, फोटो घेऊन जा. माजी सैनिकाचं किंवा विधवेचं ओळखपत्र इथूनच मिळतं, आणि बहुतेक सगळ्या दारांची चावी तेच आहे.
- अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. लॉटरीची जाहिरात आल्यावर तहसीलला धावलात तर मुदत निघून जाते.
- म्हाडाची नोंदणी आता ऑनलाइन आहे, एकदा प्रोफाइल करून ठेवता येतं. अर्ज करताना माजी सैनिकाचा रकाना निवडा. "साहेबांची ओळख आहे, नंबर लावून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. म्हाडाने एजंट नेमलेले नाहीत.
- घर नावावर असेल तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत करमाफीचा अर्ज द्या. पात्र असूनही अर्जच न दिल्यामुळे दरवर्षी कर भरणारे फौजी मी स्वतः पाहिलेत.
- बुकिंगचा ताबा रखडला असेल तर महारेराच्या साइटवर प्रकल्प शोधा, ताब्याची जाहीर केलेली तारीख बघा, तक्रार ऑनलाइन करा.
- घरात ६५ च्या वरचे, हवालदार किंवा खालच्या रँकचे, पेन्शन नसलेले माजी सैनिक किंवा त्यांच्या विधवा असतील तर केंद्रीय सैनिक बोर्डाची मासिक मदत आहे. नोव्हेंबर २०२५ पासून ती ४,००० वरून ८,००० झाली आहे. भाड्याला तेवढाच आधार.

मेजरांचं काय झालं? एका रविवारी सकाळची रात्रपाळी संपवून ते माझ्या घरी आले. चहा घेतला, डिस्चार्ज बुक टेबलावर ठेवलं. इतकं जपलेलं की प्लॅस्टिकचं कव्हरसुद्धा नवीन. दोन तासांत म्हाडाचं प्रोफाइल आणि महारेराची तक्रार, दोन्ही भरून झालं. ओटीपी यायला उशीर होत होता तेवढ्यात ते म्हणाले, "दादा, एवढं सोपं होतं तर रिटायर होताना कुणी सांगितलं का नाही?"

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण तुमच्याही गेटवर, एटीएमबाहेर, मॉलच्या पार्किंगमध्ये असे एखादे मेजर असतील. त्यांना रामराम करा आणि विचारा, "अलिबागला नाव नोंदवलंय का?" तुमचा जिल्हा वेगळा असेल तर तिथलं कार्यालय. पाच मिनिटांचं काम आहे.

मेजरांचा टेम्पो परवा आला. नवीन खोली रुळांच्या पलीकडे आहे, भाडं तेवढंच, करार पुन्हा अकरा महिन्यांचा. लॉटरी निघाली की कळवतो.

भेटू पुढच्या भागात. शेलूहून, रामराम.